श्री सिद्धरामेश्वर : खुणेकडून जाणिवेकडे



काही वर्षांपूर्वी एक माता मठात आली. तिचा तरणाताठा मुलगा अपघातात गेला होता. तिने दर्शन घेतले, कपाळी विभूती लावली आणि पदर तोंडाशी धरून ती एकेक गोष्ट सांगू लागली. त्या दिवशी पहाटे देवापुढचा दिवा आपोआप विझला होता. मुलगा बाहेर पडताना उंबऱ्याला ठेचकाळला होता. आदल्या रात्री गल्लीत कुत्रे रडत होते. इतक्या खुणा डोळ्यांपुढे होत्या, तरी आपल्याला त्या कळल्या का नाहीत, एवढेच तिला आमच्याकडून जाणून घ्यायचे होते. आम्ही तिला पूर्वकर्म, ऋणानुबंध वगैरे जे सांगण्याची रीत आहे ते सांगितले. तिने मान हलविली आणि ती निघून गेली. आमच्या मनाला मात्र रुखरुख लागून राहिली. तिच्या खुणांच्या माळेत आपणही एक मणी ओवला, याहून अधिक आपण काही केले नाही, असे पुढे वाटत राहिले.

मनुष्याचे मन सर्वत्र खुणा का शोधते? घडलेल्या गोष्टींची संगती लागल्याखेरीज त्याला स्वस्थता का लाभत नाही? आणि ही संगती लावता लावता ते परमेश्वरापर्यंत कसे जाऊन पोहोचते? या प्रश्नाचा विचार करू लागलो की आमच्यापुढे श्री सिद्धरामेश्वरांचे चरित्र उभे राहते. या मासिकात आपण नेहमी एखादे वचन घेऊन त्याचे चिंतन करतो. या खेपेस वचन न घेता वचनकाराचे जीवनच चिंतनासाठी घेतले आहे. चरित्र आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. सीमाभागातून, हैदराबादेतून संक्रांतीला सोलापूरची वाट धरणाऱ्या घरांत तर ते मुलांना तोंडपाठ असते. तरीही वरील प्रश्न मनात ठेवून ते पुन्हा वाचावे, असे वाटते.

सोन्नलगीचा गुराखी

बाराव्या शतकात आजच्या सोलापूरच्या ठिकाणी सोन्नलगी नावाचे लहानसे गाव होते. गावचे प्रमुख मुद्दगौडा आणि त्यांची पत्नी सुग्गलादेवी हे सात्त्विक दांपत्य. श्री रेवणसिद्धांनी या घरी एक थोर शिवयोगी जन्माला येईल असे भाकीत केले होते, आणि उतारवयात सुग्गलादेवींच्या पोटी सिद्धरामांचा जन्म झाला. त्यांच्या चरित्राचे मुख्य साधन म्हणजे राघवांक कवींचे कन्नड काव्य सिद्धराम चरित्र होय. राघवांक हे हरिहर कवींचे भाचे. त्यांचा काळ सिद्धरामेश्वरांच्या काळापासून फार दूर नव्हता. त्यामुळे या काव्यात भक्तीचा विस्तार असला तरी त्या मातीचा आणि त्या माणसांचा गंधही त्यात टिकून राहिला आहे.

भाकीत एवढे मोठे आणि मूल मात्र अगदी निराळे. ते इतर मुलांसारखे बोलेना, खेळेना, हट्ट करीना. आईबापांनी किती दिवस वाट पाहिली असेल! लोक त्याला मंदबुद्धी समजू लागले. शेवटी त्याला गुरे राखावयास पाठविले गेले. रानात मात्र हा मुलगा रमला. आपल्या तंद्रीत बसावे, लिंगाची पूजा मांडावी, गुरांकडे पाहावे, एवढाच त्याचा दिनक्रम होता.

येथे आपण क्षणभर थांबू. ज्याला जग मंद म्हणते त्याचे मन रिकामे असते काय? आपले मन सदैव हजार लहान लहान गोष्टींच्या जुळवाजुळवीत गुंतलेले असते. कोण काय म्हणाला, त्याचा अर्थ काय, उद्या काय होईल, कोणाची दृष्ट लागली. या बालकाच्या मनात ही गर्दी नव्हती. म्हणूनच पुढे जे घडले ते त्याच्या मनात पूर्ण खोलवर उतरले.

एके दिवशी रानात त्याच्यापुढे एक जंगम येऊन उभा राहिला. त्याने आपले नाव मल्लय्या असल्याचे आणि आपण श्रीशैलचे असल्याचे सांगितले. आपल्या भागात ही कथा हुरड्याची म्हणून सांगतात. जंगमाने हुरडा मागितला. बालकाने तो प्रेमाने भाजून दिला. तो खाऊन जंगम म्हणाला की, पोटात दाह होतो आहे, थोडा दहीभात मिळाला तर बरे. मुलगा धावत घरी गेला. कधी न बोलणारे मूल तोंड उघडून दहीभात मागत आहे हे पाहून सुग्गलादेवींना काय वाटले असेल, याची कल्पना मातांनीच करावी. दहीभात घेऊन तो धावतच परत आला. पाहतो तो तेथे कोणीही नव्हते.

दगड आणि मल्लय्या

मुलगा हाका मारीत रानोमाळ फिरू लागला. योगायोगाने श्रीशैलच्या यात्रेस निघालेला जंगमांचा व भक्तांचा मेळा त्याला भेटला. मल्लय्या आम्हाला ठाऊक आहे, आमच्याबरोबर चल, तो तुला दाखवू, असे त्यांनी सांगितले. त्यांनी काही असत्य सांगितले नव्हते. आंध्र प्रदेशातील श्रीशैल हे मल्लिकार्जुनाचे स्थान, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. त्यांच्या दृष्टीने मल्लय्या तेथेच होता.

पायी मजल दरमजल करीत मेळा श्रीशैलास पोहोचला. मुलाला गाभाऱ्यात नेऊन लिंग दाखविण्यात आले. हाच तो मल्लय्या, असे सर्वांनी एकमुखाने सांगितले. मुलगा ते मान्य करीना. हा तर दगड आहे, माझा मल्लय्या माझ्याशी बोलला, त्याने माझा हुरडा खाल्ला, त्याचे पोट जळत होते, तो उपाशी आहे, असा त्याने आकांत मांडला. मोठ्यांनी समजूत काढून पाहिली. तो गाभाऱ्यातून बाहेर पडला आणि डोंगरदऱ्यांतून मल्लय्याला साद घालीत फिरत राहिला. अखेरीस एका खोल दरीच्या कड्यावर येऊन तो उभा राहिला. मल्लय्या नसेल तर आपणही नसावे, असा निर्धार करून त्याने उडी घेण्यासाठी पाय उचलला. त्याच क्षणी मल्लिकार्जुनाने त्याचा हात धरला, असे चरित्रकार सांगतात.

या प्रसंगाकडे केवळ चमत्कार म्हणून पाहिले तर त्यातील मर्म हातचे निसटते. एका बाजूला श्रद्धावंत यात्रेकरू आहेत. त्यांना खूण पुरेशी आहे. लिंग दिसले, हात जोडले, समाधान झाले. दुसऱ्या बाजूला एक अडाणी मूल आहे. त्याला खूण नको आहे, ज्याची ती खूण आहे तो हवा आहे. त्याच्या जिवाची ही ओढ कड्याच्या टोकापर्यंत गेली.

मनाची घडण

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. मन खुणा शोधते ते कशासाठी?

पहिले उत्तर अगदी व्यवहारातले आहे. गवतात सळसळ झाली की गुराखी सावध होतो. तो वारा असू शकतो, साप असू शकतो. वाऱ्याला साप समजून तो दोन पावले मागे सरला तर त्याचे काही बिघडत नाही. सापाला वारा समजला तर प्राण जातो. तेव्हा ज्यांचे मन थोडक्या खुणेवरून झटकन अर्थ लावी ते तगले, आणि तीच घडण आपल्याकडे आली, असे आजचे शास्त्रज्ञ सांगतात. ढगात आपल्याला हत्ती दिसतो, भिंतीच्या ओल्या डागात चेहरा दिसतो, आकाशातील विखुरलेल्या चांदण्यांत मृग आणि सप्तर्षी दिसतात, त्याचे मूळ याच घडणीत आहे.

हीच घडण आपल्याला फसवितेही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी १९४८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. भुकेल्या कबुतरांना पिंजऱ्यात ठेवून ठराविक वेळाने दाणे मिळण्याची व्यवस्था केली. कबुतराने काहीही केले वा न केले तरी दाणे येतच. तरीसुद्धा आठपैकी सहा कबुतरे निरनिराळी कृती पुनःपुन्हा करू लागली. कोणी गोल फिरू लागले, कोणी मान झुलवू लागले. जणू त्या कृतीमुळेच दाणे येतात, असे त्यांना वाटत असावे, असा स्किनर यांनी अर्थ लावला. पुढील संशोधकांनी त्याच वर्तनाचा निराळा अर्थ लावला, हेही येथे नमूद केले पाहिजे. अर्थ लावण्याची सवय कबुतरांवर प्रयोग करणाऱ्यांनाही सुटत नाही, असेच म्हणावे लागेल!

आपल्या शास्त्रकारांना हे दोन्ही ठाऊक होते. धूर पाहून अग्नीचे ज्ञान होते, त्याला नैयायिकांनी अनुमान म्हटले आणि ते प्रमाण मानले. अंधारात दोरी पाहून सापाचा भास होतो, त्याला भ्रम म्हटले. धुरावरून अग्नी जाणणारे आणि दोरीवर साप पाहणारे मन एकच आहे. त्याची ही शक्ती काढून टाकली तर भ्रम जाईल खरा, पण त्याबरोबर ज्ञानही जाईल. वैद्य नाडीवरून रोग ओळखतो, शेतकरी वाऱ्यावरून पाऊस ओळखतो, आई रडण्याच्या सुरावरून भूक ओळखते, ते याच शक्तीच्या बळावर.

पण एवढ्याने आपल्या गुराख्याचे कोडे उलगडत नाही. त्याला कोणत्याही सापाचे भय नव्हते, कसलाही लाभ मिळवायचा नव्हता. मग तो कड्यापर्यंत कशाच्या मागे गेला? आम्हाला वाटते, दुसरे उत्तर येथे आहे. नुकतेच जन्मलेले मूल चेहऱ्यासारख्या आकृतीकडे अधिक लक्ष देते, असे आढळून आले आहे. म्हणजे जग पाहावयास आरंभ होतो तोच कोणाचे तरी मुख शोधण्यापासून. मन प्रथम विचारते ते हे काय आहे असे नव्हे, येथे माझे कोण आहे असे ते विचारते. नंतर आयुष्यभर आपण दिव्याच्या ज्योतीत, पाखराच्या ओरडण्यात, स्वप्नात, योगायोगात हाच प्रश्न विचारीत राहतो. सिद्धरामांच्या ठिकाणी हा प्रश्न निखळ स्वरूपात प्रकटला. हुरडा खाणारा मल्लय्या त्यांना हवा होता तो काही मागण्यासाठी नव्हे. त्याला दहीभात द्यायचा राहिला होता.

अध्यात्माची ओढ अशी आहे. उपयोगासाठी लाभलेली शक्ती उपयोगाच्या पलीकडे जाऊ पाहते. तहान लागते म्हणून पाणी असलेच पाहिजे असे सिद्ध होत नाही, असे कोणी तार्किक म्हणेल. आम्ही त्याच्याशी वाद घालणार नाही. आम्ही एवढेच म्हणतो की, तहानेला तुच्छ लेखू नये, आणि मृगजळाला पाणीही समजू नये. या दोहोंमधून वाट कशी काढावी, हे सिद्धरामेश्वरांच्या पुढील आयुष्यात दिसते.

अडुसष्ट लिंगे

श्रीशैलाहून परतताना मल्लिकार्जुनाने त्यांना आज्ञा केली होती की, सोन्नलगी हे अभिनव श्रीशैल कर. ती आज्ञा घेऊन हा तरुण योगी गावी आला आणि त्याने कामाचा डोंगर उभा केला. राणी चामलादेवींनी भूमी दिली. मल्लिकार्जुनाचे देवालय उभे राहिले. गावाच्या सभोवती पंचक्रोशीत ६८ लिंगांची स्थापना झाली. अष्टविनायक आणि अष्टभैरव यांचीही स्थापना त्यांच्याच नावाने सांगितली जाते. भारतवर्षातील ६८ शैवतीर्थांची जुनी परंपरा आहे. ती सर्व तीर्थे जणू एका गावाच्या परिघात आणून बसविली गेली. ज्याला काशीरामेश्वर घडणे शक्य नाही, अशा गरीब कुणब्याने आपल्या गावाची प्रदक्षिणा केली तरी त्याची यात्रा पूर्ण व्हावी, अशी ती योजना होती.

या अवर्षणग्रस्त मुलखात त्यांनी तलाव खोदविला. हजारो हात त्या कामी लागले. ज्यांना अन्न नव्हते त्यांना काम मिळाले, काम करणाऱ्यांना अन्न मिळाले. आजही सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यालगत पाण्याने वेढलेले श्री सिद्धेश्वराचे मंदिर पाहिले म्हणजे त्या कार्याची कल्पना येते.

ज्याने श्रीशैलात दगड नाकारला त्याने घरी येऊन ६८ ठिकाणी लिंगे स्थापिली, यात विसंगती नाही काय? वरवर पाहता आहे. पण मनाचा स्वभाव ओळखला तर ती विसंगती राहत नाही. जे एकदा अनुभवाला आले ते पुन्हा हरवू नये, सर्वांना दिसावे, म्हणून मनुष्य त्याला आकार देतो. आपल्या माता दारापुढे रोज रांगोळी काढतात. ठिपके विखुरलेले असतात, रेषेने ते जोडले की त्यातून कमळ उमलते. सिद्धरामांनी सोन्नलगीच्या भूमीवर तशीच एक विशाल रांगोळी काढली होती. लोककथेतील कुंभारकन्याही त्यांच्या ध्यानस्थानी नित्य सडारांगोळी करी. तिने त्यांच्याशी विवाहाची इच्छा धरली, आणि विरक्त योग्याने आपल्या योगदंडाशी तिचा विवाह लावण्यास अनुमती दिली, असे सांगतात. त्या विवाहाचे स्मरण म्हणून मकरसंक्रांतीच्या सुमारास आजही सोलापुरात सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते, ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो आणि संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्या तरुणाचा चेहरा ज्याने पाहिला असेल, त्याला आकार आणि खुणा मनुष्याला केवढे बळ देतात हे निराळे सांगावे लागणार नाही.

अल्लमप्रभूंचे आगमन

परंतु आकारात एक धोका दडलेला असतो. रांगोळी काढणाऱ्याला हळूहळू वाटू लागते की, कमळ मी निर्माण केले. तलाव माझा, लिंगे माझी, हे पुण्य माझे. भक्तही त्याला साथ देतात. कीर्ती वाढली की साधकाच्या सभोवती त्याच्या नकळत एक कोट उभा राहतो.

अशा वेळी अल्लमप्रभू सोन्नलगीस आले. शून्यसंपादने या पंधराव्या शतकातील संकलित ग्रंथात या भेटीचे विस्तृत वर्णन आहे. तलावाचे काम चालू होते. प्रभूंनी तेथील लोकांना विचारले की, तुमचा तो दगड फोडणारा वडार सिद्धराम कोठे आहे? आपल्या गुरूला असे हिणविलेले पाहून भक्त खवळले. त्यांनी प्रभूंवर दगड फेकले. दगड प्रभूंना लागले नाहीत. वार्ता सिद्धरामांच्या कानी गेली. ते संतापून आले. त्यांच्या क्रोधातून अग्नी प्रकटला, आणि तो प्रभूंच्या चरणांशी येऊन शांत झाला, असे वर्णन आहे.

ही कथा वाचताना अग्नीच्या अद्भुताकडेच आपले लक्ष जाते. आम्हाला त्यातील दगडांचे मोल अधिक वाटते. तलावासाठी, लोककल्याणासाठी फोडलेले दगड, तेच एका क्षणात अतिथीवर फेकण्यासाठी उचलले गेले! पवित्र खुणेचे शस्त्र व्हावयास किती थोडा वेळ लागतो, हे यातून कळते. आपल्या काळातही देवाच्या नावाने, गुरूच्या नावाने, मठाच्या नावाने हेच घडताना आपण पाहतो, आणि त्यात आम्हा मठाधिपतींचा दोष नाही असे म्हणता येणार नाही.

सिद्धराम भानावर आले. कड्यावर ज्याने हात धरला होता तोच पुन्हा आला, पण या वेळी तो शत्रूच्या रूपात आला, हे त्यांनी ओळखले. प्रभूंच्या बोलण्याचा आशय असा होता की, देवालये आणि तलाव बांधून पुण्य जोडणारा कर्ता जोवर उभा आहे, तोवर मुक्ती दूर आहे. प्रभूंनी तलाव बुजविण्यास सांगितले नाही. तलाव राहिला, आजही आहे. विरघळला तो मी बांधला हा भाव. कामाचे कायक झाले.

तळहातावरील खूण

प्रभूंसमवेत सिद्धराम कल्याणला गेले. तेथे महात्मा बसवेश्वर होते, चन्नबसवण्णा होते, अनुभवमंटपातील शरण होते. तेथे एक विलक्षण प्रश्न उपस्थित झाला. सिद्धराम इष्टलिंगधारी नव्हते. एवढ्या थोर योग्याला, ज्याचा परमेश्वराशी अंतरंगात संवाद चालतो त्याला, बाहेरील लिंगाची आवश्यकता काय? सिद्धरामांनीही हीच शंका मांडली. ज्याला जाणीव झाली त्याने खूण कशाला बाळगावी?

आपल्या शरणसाहित्यात दोन कन्नड शब्द वारंवार येतात. एक अरिवु, म्हणजे जाणीव. दुसरा कुरुहु, म्हणजे खूण. चन्नबसवण्णांच्या उपदेशाचा आशय असा की, जाणीव आणि खूण यांना परस्परांपासून तोडता येत नाही. खुणेवाचून जाणीव देहात, इंद्रियांत, आचारात उतरत नाही. जाणिवेवाचून खूण जड राहते. सिद्धरामांनी तो उपदेश मान्य केला आणि चन्नबसवण्णांकडून इष्टलिंगाची दीक्षा घेतली. ज्याने ६८ लिंगे स्थापन केली, त्याने नम्रपणे हात पुढे केला आणि एकोणसत्तरावे लिंग तळहातावर घेतले.

या लिंगाचे स्वरूप नीट न्याहाळा. त्याला मुख नाही, हात नाहीत, आयुध नाही, वाहन नाही. काळ्या कांतीचे ते गुळगुळीत, लहानसे, तळहातावर मावणारे असते. मन त्यावर चित्र रेखाटू पाहते, पण त्याला रेघ धरायला जागा मिळत नाही. ढगात हत्ती दिसतो, कारण ढगाला कंगोरे असतात. इष्टलिंगाला कंगोरे नाहीत. दृष्टी त्यावर स्थिर केली की काही वेळाने आकृती शोधणारे मन थकते, आणि मग शोधणारा स्वतःलाच दिसू लागतो. आमच्या अल्प अनुभवाप्रमाणे, शरणांनी मनाच्या खुणा शोधण्याच्या स्वभावावर काढलेला हा उपाय आहे. मनाला खूण हवीच असते, तेव्हा त्याला ती दिली. पण ती अशी दिली की, तिच्यात मन अडकून पडू नये. जो म्हणतो मला कोणतीच खूण नको, तो नकळत शंभर खुणांचा दास होतो. जो एकच खूण जाणिवेने धारण करतो, त्याला मांजर आडवे गेल्याची भीती राहत नाही.

सिद्धरामेश्वरांनी कपिलसिद्ध मल्लिकार्जुन या मुद्रेने वचने रचली. त्यांतील हजाराहून अधिक आज उपलब्ध आहेत. मुद्रेत मल्लिकार्जुनाचे नाव शेवटपर्यंत राहिले, ही गोष्ट आम्हाला फार हृद्य वाटते. रानात भेटलेला, भुकेला, नाहीसा झालेला तो मल्लय्या त्यांनी जन्मभर सोडला नाही. त्याला पाहण्याची जागा मात्र बदलत गेली. प्रथम तो रानात होता. मग गाभाऱ्यात तो त्यांना सापडला नाही. मग गावाच्या चहू दिशांना त्याची स्थाने झाली. शेवटी तो तळहातावर आणि त्या तळहाताकडे पाहणाऱ्या दृष्टीत आला. शून्यपीठाच्या परंपरेत अल्लमप्रभू व चन्नबसवण्णा यांच्यानंतर सिद्धरामेश्वरांचे नाव घेतले जाते. कल्याणची क्रांती उधळली गेल्यावर शरण चहूकडे विखुरले. सिद्धरामेश्वर आपल्या सोन्नलगीस परतले, आणि तलावातील त्या भूमीवर त्यांनी समाधी घेतली.

उपसंहार

आता त्या मातेविषयी. तिला आम्ही सांगितलेले शब्द परत घेण्याची संधी आम्हाला मिळाली नाही. ती गाव सोडून लेकीकडे राहावयास गेली असे कळले. आज ती समोर असती तर आम्ही काय सांगितले असते?

प्रथम काहीच सांगितले नसते. तिच्याजवळ बसलो असतो. दिवा वाऱ्याने विझतो, तेल संपल्याने विझतो. उंबऱ्याला आपण सर्वच ठेचकाळतो. ज्या दिवशी मुलगा सुखरूप परत आला, त्या शेकडो दिवसांतही दिवे विझले असतील, कुत्रे रडले असतील, पण ते स्मरणात ठेवण्याचे कारण नव्हते. म्हणून तिच्या हातून काही चुकले नाही, हे आम्ही तिला सावकाश, पुनःपुन्हा सांगितले असते. आणि मग हेही सांगितले असते की, माते, या खुणा तू शोधतेस ती तुझी अंधश्रद्धा नव्हे आणि तुझा अपराधही नव्हे. तुझा मुलगा कोठे गेला, हे तुझे मन विचारीत आहे. हातात दहीभात घेऊन रानात उभ्या राहिलेल्या त्या बालकाची ही हाक आहे. अर्थ लगेच मिळाला नाही तरी ती हाक खोटी ठरत नाही.

दुःखी मनुष्य अर्थ विचारू लागला की त्याला घाईने अर्थ विकणारे पुष्कळ भेटतात. कोणी ग्रह सांगतो, कोणी अंक सांगतो, कोणी कोप सांगतो. श्रीशैलच्या यात्रेकरूंप्रमाणे आपणही भल्या हेतूने तेच करतो. गाभाऱ्याकडे बोट दाखवितो आणि मोकळे होतो. सद्भक्तांना आमची विनंती एवढीच की, आपल्या शेजारी असा कोणी शोकाकुल आढळला तर त्याला तयार उत्तर देऊ नका. त्याच्या कड्यापर्यंत त्याच्याबरोबर चाला. त्या क्षणी हात धरणे हेच मल्लय्याचे काम आहे, आणि ते काम करावयास त्याला आपलेच हात लागतात.

रोज पूजेच्या वेळी इष्टलिंग तळहातावर घ्याल तेव्हा सिद्धरामेश्वरांचे स्मरण करा. आपण ज्याला शोधतो आहोत त्याची खूण हातात आहे, आणि शोधणाराही येथेच आहे, एवढे ध्यानात राहिले तरी आजचे चिंतन सफल झाले असे आम्ही समजू.

शरणु शरणार्थी.